मतामागचे मत

मराठी भाषेत 'मत' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. मनुष्याच्या मनात असते तेही मत आणि निवडणुकीत तो देतो तेही मत. उमेदवार आपल्या दारी येतो तो दुसरे मागायला. ते देण्यापूर्वी त्याच्या पहिल्याची चौकशी करणे हा आपला हक्क आहे. एरवी ही चौकशी फारशी कठीण नसते. गावाला रस्ता हवा की नको, असे विचारले तर 'नको' कोण म्हणणार? कठीण प्रश्न एकच : बाहेरून आलेल्या माणसाचे काय? या प्रश्नावर उमेदवाराची जीभ सभेगणिक बदलते आणि ऐकणाऱ्यांचे कानही आवडेल तेवढेच टिपून घेतात. मग त्याचे खरे मत ओळखावे कसे?

शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीकाठी सापगाव लागते. तिथल्या मतदाराला हा प्रश्न पुस्तकी नाही. लोकसभेसाठी शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही भाग भिवंडी मतदारसंघात मोडतात. त्या मतदारसंघाच्या एका टोकाला भिवंडीचे यंत्रमाग आहेत. त्यांवर उत्तर प्रदेश-बिहारातून आलेले हजारो हात राबतात. दुसऱ्या टोकाला शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या आहेत; तिथली बिऱ्हाडे दिवाळी सरली की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे एकाच मतदारसंघात येणाराही आहे आणि जाणाराही आहे. येणाऱ्याला 'परका' म्हणणारा उमेदवार जाणाऱ्याला काय म्हणतो, हे पाहण्यासारखे असते.

ते पाहण्यासाठी सभेतून उठून कागदांकडे जावे लागते. मतदाराला उमेदवाराची माहिती मिळालीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आणि २००३ मध्ये तो पुन्हा उचलून धरला. तेव्हापासून आमदारकीच्या आणि खासदारकीच्या उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले यांची माहिती असते. 'परप्रांतीयांविषयी आपले मत काय?' असा रकाना त्यात नाही. तरीही खटल्यांच्या रकान्यात कलमे लिहिलेली असतात. गटागटांत वैर पसरवल्याच्या आरोपाचे कलम जुन्या दंडसंहितेत १५३-अ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १९६ आहे. एवढे दोन आकडे ठाऊक असले, तरी पुष्कळ उमगते. मात्र आरोप म्हणजे दोष नव्हे, याचा विसर पडू देऊ नये. नावडत्या उमेदवारावरचा खटला आपल्याला खरा वाटतो आणि आवडत्यावरचा रचलेला वाटतो. तागडी आपल्या हाती असली की तिची एक बाजू आपोआप जड होते.

दुसरा कागद संसदेच्या कामकाजाचा. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत आले आणि मध्यरात्रीनंतर ३११ विरुद्ध ८० मतांनी संमत झाले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट सोपी करणारे, आणि त्यांत मुसलमानांचा समावेश नसल्यामुळे गाजलेले ते विधेयक. शिवसेनेने लोकसभेत त्याच्या बाजूने मत दिले. ११ डिसेंबरला राज्यसभेत मात्र ती मतदानात उतरली नाही. मधल्या दोन दिवसांत मत बदलले, की महाराष्ट्रात नुकत्याच जुळलेल्या नव्या सोयरिकीचा मान राखला? कागद कृती सांगतो, हेतू सांगत नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून पक्षादेश मोडणाऱ्या सभासदाची जागा धोक्यात येते. म्हणून त्याचे मत पुष्कळदा पक्षाचे असते, त्याचे स्वतःचे नसते. आणि अनेक विधेयके तर आवाजी मतदानाने संमत होतात. तिथे कोणाचेही नाव उरत नाही. यासाठीच सभासदाने स्वतः होऊन विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणे वाचावीत. प्रश्न मात्र त्याने स्वतःच्या सहीने दिलेला असतो.

आणखी एक विवेक हवा. परदेशी माणसाचा प्रवेश, त्याची हकालपट्टी आणि नागरिकत्व हे विषय घटनेने केंद्राच्या सूचीत घातले आहेत. भारतीय नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. तेव्हा आमदारकीचा किंवा जिल्हा परिषदेचा उमेदवार 'बाहेरच्यांना घालवून देतो' असे म्हणू लागला, तर तो दुसऱ्याच्या खिशातला पैसा वाटतो आहे असे समजावे. त्याच्या हाती जे आहे ते त्याला विचारावे. भट्टीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. ते आपल्या भागात वेळेवर सुरू व्हावे म्हणून तो कधी बोलला का? भातसेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या वाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. याविषयी त्याने सभागृहात कधी तोंड उघडले का? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. जिल्हा परिषदेच्या सभेचे इतिवृत्त साधा अर्ज करून मागता येते.

इथेच मला या प्रश्नाचा गाभा दिसतो. आपल्या मुलाला काम मिळावे, आपल्या गावाचे पाणी आपल्याला मिळावे, ही इच्छा द्वेषाची नव्हे. ती बोलून दाखवणाऱ्या उमेदवाराला संकुचित ठरवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. पण आपल्या माणसाविषयीचे प्रेम आणि परक्या माणसाविषयीचा तिरस्कार सभेत एकाच आवाजात बोलतात; ऐकून त्यांतला भेद कळत नाही. तो कळतो कागदावर. ज्याला आपल्या लोकांचे खरोखर पडलेले असते, त्याच्या नावावर काही ना काही कष्ट नोंदलेले सापडतात : एखादा प्रश्न, एखादी सूचना, एखादे वसतिगृह. ज्याला नुसते परक्याचे वावडे असते, त्याच्या नावापुढे बहुधा पान कोरे असते. स्वकीयांवर प्रेम करायला मेहनत लागते. परक्याला शिव्या द्यायला ध्वनिक्षेपक पुरतो.

हा निकष उमेदवाराला लावताना तो आपल्यालाही लागतो. भिवंडीतला मागवाला आपल्याला परका वाटतो; मग सुरतेला, पुण्याला किंवा दुबईला गेलेला आपला भाचा तिथे कोण असतो? त्याच्याशी तिथल्या लोकांनी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे वागण्याचा आग्रह आपण आपल्या उमेदवाराकडे धरतो का? प्रत्येक घरात याचे उत्तर एकसारखे येईल असे नाही, आणि येऊही नये. पण ते ठरवण्याआधी प्रतिज्ञापत्राची चार पाने घरातल्या शिकत्या मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्यायला हरकत कसली? फराळाच्या ताटाशी राजकारण नको, असे घरातली वडील मंडळी म्हणतात, आणि भांडण नको या अर्थाने ते खरेच आहे. वाचन चालेल.

दिवाळीचे दिवे विझले की शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन बिऱ्हाडे भट्ट्यांकडे निघतील. ज्या गावी ती उतरतील, तिथे त्यांना कोणत्या नावाने हाक मारली जाईल, हे तिथल्या मतदारांवरही अवलंबून आहे. आपल्या गावी उतरणाऱ्याचे तेवढेच आपल्यावर अवलंबून आहे.