रस्त्याचा हक्क

अल्लाहची स्तुती आणि अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.

ईमानच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत. त्यांतील श्रेष्ठतम शाखा म्हणजे तौहीदचा उच्चार आणि सर्वांत खालची म्हणजे वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे, अशी प्रेषितांची शिकवण हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी आपल्यापर्यंत पोहोचविली. ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक असते. तथापि, 'सर्वांत खालची' याचा अर्थ आपण 'किरकोळ' असा लावून बसतो. वस्तुतः खालच्या फांदीपर्यंत प्रत्येकाचा हात पोहोचतो. म्हणूनच तिच्याविषयी कोणालाही सबब सांगता येत नाही.

वाटेवरील काटेरी फांदी बाजूला करणाऱ्या एका माणसाला अल्लाहने क्षमा केल्याचेही हदीसमध्ये आले आहे. ती फांदी एका हाताने उचलण्यासारखी होती. आजचे काटे निराळे आहेत: खचलेला पदपथ, उघडे गटार, शाळेसमोरचा पट्टे पुसलेला चौक, सायकलस्वाराला कडेलाही जागा न ठेवणारी भरधाव वाहने. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद. एक जीव वाचविणे हे अवघ्या मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, ही सूरह माइदातील शिकवण मानणाऱ्याला हा आकडा वाचून स्वस्थ कसे बसवेल?

प्रेषितांनी सहाबांना रस्त्यावर बसण्यास मनाई केली. आम्हाला बसण्यास दुसरी जागा नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा रस्त्याला त्याचा हक्क देण्याची आज्ञा झाली. नजर खाली ठेवणे, कोणालाही उपद्रव न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आदेश देणे व वाईटापासून रोखणे, हा तो हक्क. अकराव्या शतकातील विद्वान इमाम मावर्दी यांनी 'अल-अहकाम अस-सुल्तानिया' या ग्रंथात याच तत्त्वाला प्रशासनाचे रूप दिले. सार्वजनिक वाटेवर कोणी बांधकाम केले तर वाट रुंद असली तरी ते पाडावे, ते बांधकाम मशिदीचे असले तरीही, कारण वाट ये-जा करण्यासाठी असते, असा त्यांचा निर्णय आहे.

बंधू-भगिनींनो, मशिदीलाही जी सवलत नाही, ती आपल्या मोटारसायकलीला कोठून मिळाली? जुम्याच्या नमाजसाठी आपण पदपथावर गाड्या लावतो, दुकानाचा माल बाहेर मांडतो. मग काठी टेकत येणारी वृद्धा आणि दप्तर पाठीवर घेतलेले मूल वाहनांच्या रांगेत उतरतात. हा हुकूकुल-इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. ज्याचा हक्क मारला, त्यानेच माफ केल्याखेरीज त्यातून सुटका नाही. पदपथावरून खाली ढकलला गेलेला तो वाटसरू कोण होता, हेच आपल्याला ठाऊक नाही. मग माफी मागावी तरी कोणाकडे?

तेव्हा आरंभ आपल्या दारापासून व्हावा. त्यानंतर मोहल्ल्यातील चार जाणत्यांनी मशिदीपासून शाळेपर्यंत पायी चालत जावे, अडथळे लिहून काढावेत, शेजारच्या सर्वधर्मीय नागरिकांच्या सह्या घ्याव्यात आणि नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा. उत्तर येईपर्यंत सबुरीने पाठपुरावा करावा. पदपथ, उंचवट्याचा पादचारी मार्ग, शाळेजवळ वेगमर्यादा, सायकलींसाठी राखीव पट्टा या मागण्या म्हणजे उपकाराची याचना नव्हे. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले आहे. १४ मे २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांगांनाही वापरता येतील अशा निर्वेध पदपथांचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. एका हाताला न उचलणारा काटा अनेक हातांनी उचलावा लागतो; अर्जावरील सही हाही त्यातलाच एक हात आहे.

बनू सलमा या कबिल्याने दूरची घरे सोडून मशिदीजवळ राहावयास येण्याचे ठरविले, तेव्हा तुमचे प्रत्येक पाऊल नोंदले जात आहे, असे सांगून प्रेषितांनी त्यांना तेथेच राहण्यास सुचविले. आपल्या वस्तीतील वृद्धांनाही ही पावले निर्भयपणे टाकता यावीत, याची जबाबदारी आपलीच आहे.

हे अल्लाह, आम्हाला वाटेतला काटा होण्यापासून वाचव आणि काटा दूर करणाऱ्यांत आमची गणना कर. आमीन.