पायऱ्यांवरचे उत्तर

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 21:37-40, मत्तय 26:69-75



यरुशलेमेतील गढीच्या पायऱ्यांवर पौल उभा आहे. खाली जमाव त्याच्या जिवावर उठला आहे, हातांत साखळ्या आहेत, अंगावर मार बसला आहे. अशा वेळी तो रोमी सरदाराजवळ बोलण्याची परवानगी मागतो आणि तीही ग्रीक भाषेत. सरदार चकित होतो. या कैद्याला ग्रीक येते? मग काही दिवसांपूर्वी बंड करून चार हजार मारेकऱ्यांना रानात नेणारा तो मिसरी हा नव्हे काय? पहिला प्रश्न भाषेचा, दुसरा तू कोण याचा. पौलाचे उत्तर अगदी थोडके आहे. आपण यहूदी आहोत, किलिकियातील तार्स या नावाजलेल्या नगराचे रहिवासी आहोत, आणि लोकांशी बोलायचे आहे, एवढेच तो सांगतो. आपल्याला दरोडेखोर समजले म्हणून तो चिडत नाही आणि गयावयाही करीत नाही. परवानगी मिळते. मग तो लोकांकडे वळतो आणि त्यांच्याशी इब्री भाषेत बोलू लागतो.

आमच्या बेळगाव-निपाणी भागातील मुलामुलींना नोकरीच्या मुलाखतीत नेमके हेच दोन प्रश्न प्रथम येतात. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखत बंद केली हे खरे. परंतु शाळा, दवाखाने, बँका, उद्यमबागेतील कारखाने, कागलची औद्योगिक वसाहत येथे मुलाखतीवाचून सुटका नाही. आमच्या मंडळ्यांतील किती मुले गुण चांगले असूनही तेथून मान खाली घालून परततात! म्हणून हा विषय मी उपासनेच्या बाहेरचा मानत नाही.

आधी भाषेचे पाहू. हा मुलूख 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1967 च्या महाजन अहवालाने बेळगाव तिकडेच ठेवून निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचविले, तेही घडले नाही. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या साऱ्याबद्दल घरोघरी मते आहेत आणि ती असावीत. पण टेबलापलीकडचा गृहस्थ जेव्हा "कन्नड बरतदेनु?" असे विचारतो, तेव्हा तो बहुधा सीमाप्रश्न विचारीत नसतो. गिऱ्हाइकाशी, रोग्याशी, मजुराशी तुम्हाला बोलता येईल की नाही, एवढेच त्याला हवे असते. आमचा तरुण मात्र यार्देनेच्या उतारावर पकडलेल्या एफ्राइमी माणसासारखा घाबरतो. तेथे एका शब्दाच्या उच्चारावर बेचाळीस हजार माणसे पडली (शास्ते 12), म्हणून भाषेची भीती उगाच नाही हे मला कबूल आहे. तरी प्रत्येक टेबल म्हणजे यार्देनेचा उतार नव्हे.

अशा वेळी दोन वाईट उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक, तोंड फिरवून "येत नाही". दुसरे, "सगळे येते", आणि पुढच्याच वाक्याला घाम. खरे उत्तर बहुतेकांचे असे असते की बोललेले कळते, बाजारापुरते बोलता येते, वाचता हळूहळू येते, लिहिताना चुका होतात. मग तसेच सांगावे, आणि पहिले वाक्य कन्नडमधूनच म्हणावे. "स्वल्प बरतद, कलियाकत्तेनि", थोडे येते, शिकतो आहे, असे म्हटल्याने मराठी बाटत नाही. पौलाने ग्रीक वापरली म्हणून त्याची इब्री गेली नाही. राज्य सरकारच्या नोकरीत कन्नडची परीक्षा आहेच, तेव्हा शिकण्याला पर्याय नाही. उलट महाराष्ट्रात अर्ज केला तर "तुम्ही कर्नाटकातले ना?" हा प्रश्न येतो. दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषिकांना वास्तव्याच्या दाखल्यावर महाराष्ट्र सरकारच्या भरतीत अर्ज करता येतो. हे माहीत असलेला उमेदवार तो प्रश्न शांतपणे घेतो.

"स्वतःविषयी सांगा" या प्रश्नाला आमची मुले जन्मतारखेपासून सुरुवात करतात आणि दहावीच्या टक्क्यांपाशी अडकतात. पौलाचे उत्तर पुन्हा वाचा. कोण, कुठला, काय हवे. आपले शिक्षण किंवा काम, आपले गाव, आणि ही नोकरी का मागतो, एवढे एका मिनिटात बसते. गावाचे नाव हळू आवाजात घेऊ नका. निपाणी म्हटले की तंबाखू आठवतो, तर आठवू दे. तुमची आई वखारीत तंबाखू निवडत असेल किंवा विड्या वळत असेल, तर वडील-आई काय करतात या प्रश्नाला "घरीच असतात" असे उत्तर देऊ नका. तिच्या खोकल्यावर आणि बोटांवर तुमची फी भरली गेली आहे. बेथेलच्या राजमंदिरात अमस्याने आमोसाला हुसकावले, तेव्हा आपण गुरे राखणारे आणि उंबराची झाडे सांभाळणारे आहोत हे त्याने आपणहून सांगितले (आमोस 7). त्याने तो धंदा लपविला नाही.

आता पेत्राकडे येऊ. त्यालाही अंगणात प्रश्न विचारले गेले, आणि विचारणारे कोणी सरदार नव्हते, दासी आणि शेकत उभे असलेले लोक होते. त्याच्या गालीली बोलीवरून तो ओळखला गेला, तरी त्याने तीनदा नाकारले. आमच्या भागात हे अंगण पुष्कळांना ठाऊक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या होत्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती झालेल्यांचा झाला नाही. म्हणून एकाच आडनावाची दोन चुलत भावंडे, एक कागदावर एक आणि रविवारी दुसरा. अशा घरावर दगड उचलणे मला जमणार नाही. भूक काय असते हे ज्याने पाहिले नाही त्याने तेथे बोलू नये. तरी मुलांनो, हेही पाहा की ज्याच्या कागदात एक गोष्ट आणि मनात दुसरी असते, त्याला प्रत्येक साधा प्रश्न सापळा वाटतो. "सुट्टीत काय करता?" असे कोणी सहज विचारले तरी तो अडखळतो, कारण रविवारच्या शाळेत शिकवतो हे सांगता येत नाही. तुमच्या आवाजातला थरकाप पुष्कळदा इंग्रजी न आल्यामुळे नसतो, यामुळे असतो.

मार्गदर्शनाच्या पुस्तकांत शिकवलेले एक उत्तर मला फार खटकते. "तुमच्यातील उणेपण सांगा" म्हटले की "मी फारच कष्ट करतो" असे म्हणायचे! समोरच्याने ते शंभरदा ऐकलेले असते. मोशेने आपली जीभ जड आहे हे सांगितले, आणि त्याला अहरोन मिळाला. हिशेब कच्चा असेल तर तसे सांगा आणि त्यासाठी काय करीत आहात तेही सांगा. आधीची नोकरी का सोडली, याबाबत योसेफाचे बोलणे वाचण्यासारखे आहे (उत्पत्ति 40). प्यालेबरदाराला आपली हकिकत सांगताना त्याने भावांचे नाव घेतले नाही, पोटीफराच्या बायकोचेही नाही. आपल्याला इब्र्यांच्या देशातून चोरून आणले आणि येथेही आपला अपराध नाही, इतकेच तो म्हणाला. जुन्या मालकाची निंदा ऐकून नवा मालक खूश होत नाही. तो आपली पाळी कधी येईल याचा विचार करतो. हाच योसेफ फारोपुढे जाण्याआधी दाढी करून, कपडे बदलून गेला. तेव्हा इस्त्रीचा सदरा घालणे हे अभिमानाचे लक्षण आहे असे कोणा वडिलांनी म्हणू नये.

पगाराच्या प्रश्नाला "तुम्ही द्याल तो" असे उत्तर देणे नम्रता वाटते, पण त्यात तयारी नसते. नहेम्याला राजाने किती दिवस लागतील हे विचारले तेव्हा त्याने मुदत सांगितली, अधिकाऱ्यांसाठी पत्रे मागितली, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून लाकूड हवे हेही सांगितले. त्याने उत्तरापूर्वी मनात प्रार्थना केली हे आपण सांगतो. त्याआधी किसलेवापासून नीसानापर्यंत चार महिने तो उपास, प्रार्थना आणि विचार करीत होता, हे सांगायचे राहते. काय बोलावे याची काळजी करू नका हे प्रभूचे आश्वासन (मत्तय 10) अटक होणाऱ्या शिष्यांसाठी आहे. आदल्या रात्री सिनेमा पाहणाऱ्यासाठी ते नाही.

एक प्रश्न खास आपला. "रविवारी कामाला याल का?" दवाखान्यात परिचारिका होणाऱ्या मुलीने या प्रश्नावर मन दुखवून घेऊ नये, रोगी वार पाहून आजारी पडत नाही. कारखान्यात मात्र दानीएलाची रीत बरी. त्याने राजाचे अन्न फेकून दिले नाही. कारभाऱ्याला नम्रपणे विचारले आणि दहा दिवस पारखून पाहा म्हणाला. "सकाळची उपासना सांभाळून दुपारची पाळी करीन, इतर सणांना इतरांची पाळी घेईन", असे उमेदवाराने सांगितले तर बहुतेक मालक ऐकतात. न ऐकणारेही भेटतात, आणि ती नोकरी जाते. ती गेली हे घरी सांगताना आईवडिलांनी मुलाला मूर्ख म्हणू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

आपल्या मंडळ्यांत निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, बँकेतून उतरलेले वडील आहेत, मराठा रेजिमेंटमध्ये तरुणांची भरती पाहिलेले सुभेदार आहेत, आणि घरात कन्नड बोलणारी कुटुंबेही आहेत. तरुण संघाने शनिवारी संध्याकाळी मंदिराच्या मागच्या खोलीत एक टेबल मांडावे. पलीकडे यांच्यापैकी तिघे बसावेत, एकाने फक्त कन्नडमध्येच विचारावे. आईवडिलांनी बाहेर थांबावे, आतून उत्तरे सुचवू नयेत. पहिल्या दिवशी मुले हसतील, दोघेतिघे मधेच उठतील. त्यांना पुढच्या शनिवारी पुन्हा बोलवावे, आणि प्रश्नांची सुरुवात "तुमची आई काय करते?" यानेच करावी.