वटावाचा दर

आज हाती असलेला रुपया आणि दहा वर्षांनी मिळणारा रुपया यांची किंमत सारखी नसते. यालाच पैशाचे कालमूल्य म्हणतात. जुन्या पेढ्यांना ते पक्के ठाऊक होते. मुदत भरण्याआधी कोणी हुंडी वटवायला आणली, की सराफ तिच्यावरच्या रकमेतून वटाव कापून उरलेले पैसे देई. भावी उत्पन्नाचे वर्तमान मूल्य काढण्याची रीत हीच. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १,००,००० रुपयांचे आजचे मूल्य ७ टक्के दराने सुमारे ५०,८३५ रुपये भरते. १२ टक्के दराने ते ३२,१९७ रुपयांवर येते.

हा दर तीन गोष्टींनी बनतो. पहिली, थांबण्याचा मोबदला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर याने १९३०च्या ‘द थिअरी ऑफ इंटरेस्ट’ या ग्रंथात व्याजाची दोन मुळे दाखवली: आजच उपभोग घेण्याची माणसाची अधीरता आणि पैसा गुंतवून तो वाढवण्याची संधी. दुसरी गोष्ट महागाई. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळाले आणि भाव ५ टक्क्यांनी चढले, तर क्रयशक्ती जेमतेम १.९ टक्क्यांनी वाढते. तिसरी, जोखीम. सरकारी रोख्याचे व्याज ठरलेले असते, शेअरवरचा लाभांश नसतो. म्हणून शेअरसाठी गुंतवणूकदार जास्त दर मागतो. मात्र सगळीच जोखीम अटळ नसते. अनेक शेअर एकत्र धरले, तर त्यांचे चढउतार काही अंशी एकमेकांना सावरतात, हे हॅरी मार्कोविट्झने १९५२ साली गणिताने मांडले.

शेअरचे मूल्य म्हणजे त्यावर मिळत राहणाऱ्या लाभांशांचे वर्तमान मूल्य, हा विचार जॉन बर विल्यम्सने १९३८ साली सविस्तर मांडला. लाभांश दरवर्षी एकाच गतीने वाढेल असे धरले, की सूत्र सोपे होते: पुढच्या वर्षीच्या लाभांशाला दर आणि वाढ यांच्यातील फरकाने भागायचे. लाभांश १० रुपये, दर १२ टक्के आणि वाढ ५ टक्के असेल, तर मूल्य सुमारे १४३ रुपये. वाढ ८ टक्के धरताच तेच मूल्य २५० रुपये होते. कंपनीत काहीही न बदलता केवळ अंदाज तीन टक्क्यांनी हलला.

दर आणि वाढ दोन्ही भविष्याविषयीचे अंदाज असतात, आणि ते सिद्धांतकारालाही चकवतात. शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोहोचले आहेत, असे फिशर ऑक्टोबर १९२९ मध्ये जाहीरपणे म्हणाला. त्याच महिन्याअखेर बाजार कोसळला आणि पुढच्या पडझडीत त्याची स्वतःची संपत्तीही गेली. म्हणूनच जाणकार विश्लेषक एकच मूल्य सांगून थांबत नाहीत. दर आणि वाढ थोडी वरखाली करून ते मूल्याचा पट्टा काढतात, आणि त्या पट्ट्याच्या खालच्या टोकापेक्षाही भाव कमी असला तरच खरेदीचा विचार करतात.