हायड्रोजन आधी कोणाला?

वरळी नाक्याच्या बसथांब्यावर ज्यांनी १९९०च्या दशकात रोज वाट पाहिली, त्यांना जुन्या टॅक्सींचा धूर विसरता येणार नाही. घरी येऊन तोंड पुसलं की रुमाल काळा व्हायचा. धुराने त्रासलेले नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि २००१मध्ये आदेश निघाला : जुन्या टॅक्सी सीएनजीवर न्या, नाहीतर बंद करा. त्यानंतरची पंपावरची रांग आणि सिलिंडरने डिक्की अडल्यामुळे टपावर चढणाऱ्या बॅगा, हे आम्ही पाहिलं आहे. पण हवा बदलली, हेही अनुभवलं आहे. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. जी वाहनं दिवसभर रस्त्यावर असतात, त्यांचं इंधन आधी बदललं.

हायड्रोजनच्या मोटारीबद्दल वाचताना हाच क्रम मनात येतो. या गाडीच्या फ्युएल सेलमध्ये काही जळत नाही. प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पातळ पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेतून जाताना मोटर फिरवतात आणि शेवटी ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होतं. मार्च २०२२मध्ये नितीन गडकरी अशाच टोयोटा मिराईतून संसदेत गेले. त्याच वर्षी पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी घडवलेली हायड्रोजन बस लोकांसमोर आली. आपल्या मातीतल्या शास्त्रज्ञांचं हे काम पाहून मला मनापासून अभिमान वाटतो.

म्हणूनच हे इंधन जपून वापरावं, असं वाटतं. पाण्यापासून किलोभर हायड्रोजन काढायला पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. त्यावर मोटार शंभरेक किलोमीटर जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली, तर छोटी गाडी तीनशेच्या आसपास धावते. शिवाय हायड्रोजन कुठून येतो, हेही विचारायला हवं. चेंबूरच्या आरसीएफ या खतकारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनत आला आहे आणि त्या प्रक्रियेत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तसल्या हायड्रोजनवर चालणारी गाडी वरळीत कितीही स्वच्छ दिसली, तरी तिचा हिशेब चेंबूरला मांडावा लागेल.

वरळीहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या मोटारीला बॅटरी पुरते. शहरातल्या बसलाही पुरते. बेस्टच्या विजेवरच्या बसगाड्या ते रोज दाखवतात. अडचण आहे ती न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन घाट चढणाऱ्या ट्रकची. त्याला बॅटरीचं वजन जड जातं आणि चार्जिंगसाठी तासन्‌तास थांबणं परवडत नाही. मार्च २०२५मध्ये टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या, त्यांच्या मार्गांत मुंबई-पुण्याचा परिसर आहे. मला ही दिशा योग्य वाटते.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेसाठी २०२३मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा सगळ्यांचा आहे. सौर आणि पवनऊर्जेवर बनलेला थोडा हायड्रोजन हाती येईल, तेव्हा तो आधी खतकारखान्यांना आणि लांब पल्ल्याच्या ट्रकना मिळावा. सागरी किनारा मार्गावर धावणाऱ्या आमच्या मोटारींनी रांगेत मागे उभं राहावं. सीएनजीच्या वेळी टॅक्सीवाल्यांनी या शहरासाठी पंपावर ताटकळत वाट पाहिली. आता ती पाळी आमची आहे.