‘प्रत झाली’

जोयडा तालुक्यातल्या आमच्या कुंभारवाड्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही. सासूबाईंच्या आवाजातलं आलोचना-पाठाचं रेकॉर्डिंग रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर आपोआप उतरावं म्हणून मी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. शेवटची ओळ हौसेची: नोंदीच्या फाइलीत ‘प्रत झाली’ असं लिहायचं. चुकांचे संदेश, कटकट नको म्हणून, मीच बंद केले होते. चार महिने ‘प्रत झाली’ वाचत राहिले. पहिली डिस्क बिघडली तेव्हा कळलं, दुसरी कधीच भरली होती. तोवर सासूबाईही गेल्या होत्या.

प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. 0 म्हणजे जमलं; 1 ते 255 यांतला कुठलाही म्हणजे फसलं. 127 म्हणजे कमांड सापडलीच नाही, 126 म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. आणि वेगळं सांगितलं नाही तर अख्ख्या स्क्रिप्टचा आकडा तिच्या शेवटच्या कमांडचा. प्रत फसली, पण ‘प्रत झाली’ हे लिहिणं मात्र जमलं. म्हणून शून्य! यंत्र खोटं बोललं नाही हो, मी त्याला विचारलंच तेवढं होतं.

‘ग्रेप’ ही शोधणारी कमांड याहून बारकाईनं बोलते. सापडलं तर 0, नाही सापडलं तर 1, आणि शोधताच आलं नाही तर 2. साधी ‘इफ’ अट लावली की 1 आणि 2 एकाच वाटेनं जातात. ‘पाहता आलं नाही’ याचं ‘नाहीच’ होऊन बसतं. (याला स्याद्वाद म्हणायचा मोह होतो, पण उगाच ओढूनताणून कशाला जोडा?)

क्षमावाणीला आपण दारोदार हात जोडतो. धाकट्या जावेशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं, तिलाही ‘क्षमा असावी’ म्हणून आले होते. शेवटची ओळ तेवढी छापली गेली. प्रतिक्रमण म्हणजे तर मागे फिरणं. मागे कुठे फिरले होते मी? आलोचनेत दोष नेमका सांगायचा असतो, हे सासूबाईंच्याच तोंडून किती वेळा ऐकलं होतं.

स्क्रिप्टमध्ये आता त्या दोन कमांडींच्या मध्ये दोन अँपरसँड आहेत: आधीची जमली तरच पुढची. जावेला फोन केला. दागिन्यांच्या वाटणीच्या दिवशी मी तिला नेमकं काय बोलले होते, तिथूनच सुरुवात केली. ती गप्प होती. फोन मात्र ठेवला नाही.