विसावा कीं वनवास?

नोकरींतून निवृत्त होणाऱ्या मनुष्याचा शेवटच्या दिवशीं शाल व नारळ देऊन लोक गौरव करितात. परंतु थोड्याच दिवसांत त्याच मनुष्याचें बोलणें चावडीवर कोणी पुरें ऐकून घेत नाहीं, असें आम्हीं पुष्कळ गांवीं पाहिलें आहे. त्याचें असें काय हरवलें? अक्कल तीच, अनुभव तोच. गेली ती केवळ खुर्ची. तर मग इतकीं वर्षें आपण मान कोणाला देत होतों, मनुष्याला कीं खुर्चीला? या प्रश्नाचा विचार वाचकांनीं अवश्य करावा.

निवृत्तीचें वय ही कांहीं निसर्गानें आंखलेली रेषा नव्हे. जर्मनी देशानें 1889 सालीं वृद्धांच्या पेन्शनीचा कायदा केला, तेव्हां वयाची अट 70 वर्षें होती. 1916 सालीं ती 65 झाली. आपल्या केंद्र सरकारनें 1998 सालीं आपल्या नोकरांचें निवृत्तीचें वय 58 वरून 60 केलें. त्या सालीं लोकांचीं शरीरें बदललीं नव्हतीं. बदलला तो हिशेब. अशा आंकड्यावरून मनुष्याची किंमत ठरविणें हा अन्याय होय.

यावर कोणी म्हणेल, "म्हाताऱ्यांनीं जागा अडविल्या तर तरुणांनीं कोठें जावें?" हें म्हणणें रास्त आहे. पण भार उतरविणें निराळें आणि स्थान काढून घेणें निराळें. गणना या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायांत लेव्यांना 50 व्या वर्षीं सेवेच्या कामांतून मोकळें केलें आहे, तरी आपल्या बांधवांना साह्य करण्याचें काम त्यांच्याकडे राहूं दिलें आहे.

ज्यांना पेन्शन नाहीं त्यांची दशा याहून कठीण. शेतमजुराला निवृत्तीच नाहीं. तो कामावर गेला तर "बाबा, आतां तुमच्यानें होणार नाहीं," म्हणून त्याला परत पाठवितात. घरीं राहिला तर "बसून खातो" हें ऐकावें लागतें. विधवा म्हातारीनें चांगलें लुगडें नेसलें, किंवा चार दिवस बहिणीकडे जाईन म्हटलें, तर "या वयांत हें शोभतें काय?" असें तिला विचारतात. तिच्या नांवाचे पैसे येतात, पण पासबुक मुलाच्या खिशांत असतें.

2007 सालच्या कायद्याप्रमाणें आईबापांना पोसण्याचा हुकूम मुलांवर काढतां येतो. तो कायदा चांगला आहे. पण हुकूम निघतो तो भाकरीचा, "बाबा, तुम्हांला काय वाटतें?" असें विचारण्याचा हुकूम कोणत्याही कचेरींतून निघत नाहीं. म्हणून आमची विनंति इतकीच कीं, म्हाताऱ्यांना शक्तीप्रमाणें काम द्यावें, त्यांचे पैसे त्यांच्या हातीं द्यावे, आणि घरच्या निर्णयांत त्यांचें मत आधीं घ्यावें. मुलें हें सारें पाहत असतात. आज आपण आपल्या म्हाताऱ्यांचें ताट जेथें मांडूं, तेथेंच उद्यां आपलें ताट मांडलें जाईल.