शेवटच्या धक्क्याआधी

हे सावकाश वाचायचं आहे. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा. आज मन ठेवायचं आहे ते एका पोलादी दांड्यावर: बीडहून अहिल्यानगरला जाणाऱ्या गाडीच्या डब्याखाली, दोन चाकांना एकत्र धरणारा ॲक्सल.

या गाडीची बीडने फार वाट पाहिली. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी आली ती 2022 मध्ये. बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी सुटली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. गाडी आली की नजर इंजिनावर जाते, डब्यांवर जाते, खिडकीतल्या माणसांवर जाते. आपण आज खाली वाकून बघू.

डब्याचं आणि माणसांचं वजन ॲक्सलच्या दोन टोकांवर येतं. चाकं त्याला जरा आतल्या बाजूने उचलून धरतात. त्यामुळे दांडा केसभर वाकतो. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. चाक अर्धं फिरलं की मघाशी वर असलेली बाजू खाली येते आणि ताणाच्या जागी दाब येतो. चाकाचा व्यास 0.9 मीटर धरला तर किलोमीटरला साडेतीनशेच्या आसपास फेरे होतात. बीड ते अहिल्यानगर साधारण 166 किलोमीटर. म्हणजे एका खेपेला सुमारे 58 हजार फेरे आणि दर फेऱ्याला एक ताण, एक दाब.

हा आकडा थोडा वेळ मनात राहू द्या. रायमोहा मागे पडलं, आष्टी गेली, कडा गेलं; ॲक्सल फिरतोच आहे. यातला कुठलाही एक फेरा घ्या, तो त्याला सहज झेपतो. त्याच्या ताकदीपुढे प्रत्येक फेरा किरकोळ आहे. धातूच्या थकव्याचा अभ्यास करणारा संशोधक आपली उमेदीची वर्षं या किरकोळ फेऱ्यांच्या बेरजेला देतो.

घरात बाइंडिंगची तार असेल तर हातात घ्या. ओढून तोडायला जा, तुटत नाही. आता तीच तार एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहा. मध्ये थांबून वाकलेल्या जागेला बोट लावा, ऊन लागेल. पुन्हा वाकवा. एका क्षणी ती अलगद दोन तुकडे होऊन हातात येते. शेवटच्या वेळी तुम्ही जास्त जोर लावला नव्हता. जोर तोच होता, तार तीच राहिली नव्हती.

हे कळायला माणसाला मोठी किंमत मोजावी लागली. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांच्या दारांना कुलपं होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हाचे जाणकार म्हणत, हादरे खाऊन खाऊन लोखंडाचा पोतच पालटतो, ते दाणेदार आणि ठिसूळ होतं. 1843 मध्ये विल्यम रँकिन या तरुण इंजिनिअरने मोडलेले ॲक्सल नीट पाहिले आणि वेगळीच गोष्ट मांडली. दांड्याची जाडी जिथे एकदम बदलते, त्या काटकोनी खांद्यापाशी बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकते. त्याने सुचवलेला उपाय साधा होता: तो कोपरा गोलसर करा. पुढे जर्मनीतल्या रेल्वेच्या कारखान्यात ऑगस्ट व्योलरने दांडे फिरवत ठेवून वर्षानुवर्षं मोजणी केली. 1870 पर्यंत त्याचा निष्कर्ष पक्का झाला होता. भार किती वेळा चढला-उतरला आणि दर वेळी किती चढला-उतरला, यावर धातूचं आयुष्य ठरतं. पोलादाच्या बाबतीत त्याला आणखी एक गोष्ट दिसली. भार एका मर्यादेच्या आत ठेवला, तर पोलाद जवळजवळ कायम टिकतं.

या मर्यादेपाशी जरा थांबू. कुठलंही ओझं वाईट, असं हे शास्त्र सांगत नाही. ओझं वाहणं हे ॲक्सलचं कामच आहे. रोजचं ओझं मर्यादेच्या या बाजूला आहे की त्या बाजूला, एवढंच ते विचारतं. कारण सुरुवातीला दोन्हीकडचे दांडे सारखेच धडधाकट दिसतात.

आता त्या संशोधकाजवळ जाऊन बसू. पवईच्या आयआयटीत असो की पुण्याच्या सीओईपीत, या वाटेला लागलेल्या मुलाची किंवा मुलीची सुरुवात घासण्याने होते. मधोमध निमुळता केलेला पोलादाचा छोटा नमुना आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक पॉलिश पेपरवर घासायचा, आरशासारखा होईपर्यंत. एक आडवा ओरखडा राहिला तरी चीर तिथूनच निघेल आणि सगळी चाचणी वाया जाईल. मग नमुना यंत्रात लावायचा. सेकंदाला 30 आवर्तनं धरली तरी एक कोटी आवर्तनं व्हायला जवळजवळ चार दिवस आणि चार रात्री लागतात. एकाच पोलादाचे, सारखेच घासलेले दोन नमुने सारख्याच भारावर लावले, तरी एक लवकर तुटतो आणि दुसरा कितीतरी पट जास्त टिकतो. म्हणून पुन्हा नमुना, पुन्हा घासणं, पुन्हा वाट पाहणं. जो तुटलाच नाही, त्याच्या ठिपक्याला आलेखावर उजवीकडे बाण काढतात. चाचणी थांबली, नमुना अजून शाबूत होता, असा त्याचा अर्थ.

या कामात वाहवा उशिरा मिळते. चीर दर आवर्तनाला किती पुढे सरकते, हे मांडणारा नियम पॉल पॅरिस या अमेरिकी संशोधकाने साठहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला, तेव्हा नावाजलेल्या नियतकालिकांनी तो परत पाठवला. अखेर 1961 मध्ये एका विद्यापीठाच्या पत्रिकेत तो छापून आला. विमानाचा कुठला भाग किती उड्डाणांनंतर तपासायचा, याचा हिशोब आज त्याच नियमाच्या आधाराने होतो. या संशोधकाचं यश दिसत नाही. जो ॲक्सल मोडला नाही, त्याची बातमी होत नाही.

मोडलेल्या ॲक्सलचा काप पाहिला आहे का? डोळ्यांसमोर आणू. काठावर एक लहानशी जागा असते, तिथून चीर निघालेली असते. त्या जागेभोवती गुळगुळीत, काळपट भाग पसरलेला असतो आणि त्यावर एकापुढे एक अशा कमानदार रेषा उमटलेल्या असतात. चीर कुठे थांबली, कुठून पुढे निघाली, हे त्या रेषा सांगतात. पलीकडे उरलेला भाग खडबडीत आणि चकाकता असतो. तो एका क्षणात तुटलेला. जुन्या जाणकारांची नजर याच चकाकत्या भागावर अडकली होती, म्हणून त्यांना लोखंड दाणेदार झाल्यासारखं वाटलं. आणि हा खडबडीत भाग जेवढा लहान, तेवढं शेवटचं ओझं हलकं असतं. म्हणजे दांडा जवळजवळ पूर्ण चिरला होता आणि उरलेल्या चतकोर धातूवर तो चालत होता, गाडी ओढत होता. बाहेरून कुणाला काही दिसत नव्हतं.

आता या नजरेने बीडकडे बघू.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पहाटे फडात उतरायचं, वाकून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. एक मोळी तीस-चाळीस किलोंची. एक मोळी कुणालाही झेपते. आपण बेरजेवर मन ठेवलं आहे, म्हणून दिवसभराच्या मोळ्या मोजा, मग महिन्याच्या, मग हंगामाच्या, मग वीस हंगामांच्या.

2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82 हजार 309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. बातम्या शस्त्रक्रियांच्या झाल्या, दवाखान्यांच्या झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण शस्त्रक्रिया हा कापाचा चकाकता भाग आहे. कमानदार रेषा त्याच्या आधीच्या आहेत: लहान वयातलं लग्न, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी, आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही, आणि वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं.

इथे धातू आणि माणूस यांच्यातला एक फरक नीट समजून घ्यायला हवा. हाडालाही असाच थकवा येतो. 1855 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने नोंदवलं, की लांब कूच करून आलेल्या जवानांचे पाय सुजतात आणि दुखतात. पुढे क्ष-किरण आल्यावर कळलं, की त्यांच्या पायाच्या हाडांना चिरा पडत होत्या. कुठेही न पडता, कुठलाही मार न लागता, केवळ चालून. पण हाडात अशा पेशी असतात की त्या चिरलेला भाग खाऊन टाकतात, आणि दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. या कामाला काही महिने लागतात आणि विश्रांती लागते. पोलादाला हे वरदान नाही. ॲक्सल यार्डात आठवडाभर उभा राहिला, म्हणून त्यातली चीर मिटत नाही. माणसाचं शरीर मात्र विसावा मिळाला की स्वतःला सांधतं.

आणि ऊसतोडीत विसाव्याला खाडा म्हणतात. खाडा झाला की मजुरी जाते आणि वर पैसे कापले जातात. ज्या शरीराला बरं होता येतं, त्याच्या बरं होण्यावरच आपण दंड ठेवला आहे.

या विचारापाशी पुरेसा वेळ थांबा. मनात चीड आली तर येऊ द्या, पण तिथेच संपवू नका. रँकिन चिडून थांबला नाही; त्याने कोपरा गोल करायला सांगितला. रेल्वेने ॲक्सलसाठी पुढे बरंच केलं. भाराची मर्यादा ठरवली. मोडण्याची वाट न पाहता ठरावीक मुदतीला ध्वनिलहरींनी आतली चीर शोधायची पद्धत बसवली. चीर सापडली तर ॲक्सल बाजूला काढायचा, त्याला दोष द्यायचा नाही. एवढी काळजी पोलादाच्या दांड्याला मिळते, कारण त्याच्यावर माणसांचे जीव असतात.

तेवढीच काळजी ऊस तोडणाऱ्या माणसांनाही मिळायला हवी. उचलीचा हिशोब लिहिताना महिन्यातले भरपगारी सुट्टीचे दिवस त्याच कागदावर लिहिता येतात. फडावर जाण्याआधी आणि परतल्यावर गावातच तपासणी करता येते. मोळीचं वजन ठरवता येतं. यातलं काहीही अवघड नाही. फक्त शेवटच्या धक्क्याआधी करायचं आहे.

आणि आपल्या घरातही एक माणूस असतो, जो कधी तक्रार करत नाही. कमानदार रेषा कुणालाच बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्याला विचारावं लागतं. आज विचारा, आणि उत्तर ऐकून त्याच्या डोक्यावरचं एक काम आपल्याकडे घ्या.